पक्की हाय न्हवं?

‘पक्की’ हा शब्द आमच्या माणदेशात फार स्वस्त आहे. सोयरीक पक्की, सौदा पक्का, पुढच्या बाजारी उधारी देणार हे पक्कं, आणि यंदा पाऊस तर एकदमच पक्का. यातल्या पावसाचं काय होतं ते आम्ही वर्षानुवर्षं बघतोय. तरी शब्द वापरायचं कुणी सोडलेलं नाही.

धाकट्या बहिणीनं मला विचारलं, "दादा, गाडी पक्की हाय न्हवं?" तेव्हा तिला एका शब्दात उत्तर हवं होतं. हां नाहीतर न्हाई. तिच्या पोरानं, म्हणजे माझ्या भाच्यानं, जुनी मोटारसायकल घेतली होती आणि तिच्यावरून तो एकटा लेहला जाणार होता. जाऊन-येऊन साडेपाच हजार किलोमीटरच्या आसपास. मी ‘हां’ म्हटलं तर ती जाऊ देणार, नाहीतर नाही. पोरगा चोवीस वर्षांचा, कायद्यानं त्याला कुणाची परवानगी लागत नाही. पण घर कायद्यावर चालत नाही. बाप गेल्यापासून आईला विचारल्याशिवाय तो शेळीसुद्धा विकत नाही. आणि आईनं सगळा भार माझ्यावर टाकलेला, कारण एवढंच की तीस-बत्तीस वर्षं मी ऑइल इंजिनं आणि विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करतोय. ज्याला एक यंत्र कळतं त्याला सगळी कळतात, असा लोकांचा समज असतो.

प्रश्न सोपा दिसतो, पण मला तो बरेच दिवस पुरला. दुसऱ्याच्या हाताखालून आलेल्या वस्तूबद्दल ‘पक्की आहे’ असं सांगायचा अधिकार माणसाला कधी मिळतो? सगळी खोलून बघितल्यावर म्हणावं, तर तो कुणालाच कधी मिळणार नाही. न बघता सांगितलं तर ते खोटं. पुढं ते खरं ठरलं, पोरगं सुखरूप परत आलं, तरी सांगताना ते खोटंच होतं. मला वाटतं इथंच बरीच माणसं घसरतात. शेवट चांगला झाला की सांगणाराही खरा होता असं धरून चालतात.

गाडी कसली ते आधी सांगतो. ही डांबरावरही चालते आणि मातीतही. पुढचं चाक एकवीस इंची, मागचं अठरा, दोन्हींना तारांचे आरे. खाली दगड लागू नये म्हणून पोट जमिनीपासून वर उचललेलं. आपल्याकडं ही जात तशी नवीच. २०११ साली हीरोची इम्पल्स आली, २०१६ला रॉयल एनफिल्डची हिमालयन, २०१९ला एक्सपल्स. त्याआधी आमच्या भागात दूधवाले राजदूतवरून चाळीस लिटरचे कॅन घेऊन ओढ्या-वगळीतून जायचे, त्याला कुणी ‘ॲडव्हेंचर’ म्हणत नव्हतं. भाच्याची गाडी दोनशे सीसीची, २०१९ सालची, इंजेक्शनवाली. मीटरवर २३,४०० किलोमीटर.

जुनी गाडी बघायला जाणं आणि बैल बघायला जाणं यात मला फार फरक वाटत नाही. खरसुंडीच्या नाहीतर पुसेगावच्या यात्रेत खिलार घेताना पहिल्यांदा तोंड उघडतात. बैलाला पुढचे दात फक्त खालच्या जबड्यात. दुधाचे पडतात आणि पक्के जोडीजोडीनं येतात. एकही पक्का आला नसेल तो आदत, दोन आले की दुसा, चार आले की चौसा, आणि आठही आले की बैल जुळला. पाचव्या वर्षाच्या आसपास जुळतो. तिथून पुढं वय सांगायला दातांची झीज बघावी लागते, आणि तिथूनच दलालाच्या जिभेचं राज्य सुरू होतं.

मोटारसायकललाही दात असतात. मागच्या स्पॉकेटचे दात नवे असताना सरळ उभे असतात, झिजले की एका अंगाला झुकून विळ्यासारखे दिसतात. टायरच्या कडेला चार आकडे एका चौकटीत छापलेले असतात, पहिले दोन आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. २३१९ असेल तर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यातला टायर. नक्षी कितीही खोल असू दे, रबर आतून म्हातारं झालेलं असू शकतं. मीटरचा आकडा फिरवता येतो, पण पाय ठेवायचं रबर, ब्रेकच्या पायपट्टीची झीज, हँडलची मूठ, हे सगळं फिरवायचं कुणाच्या ध्यानात येत नाही. हे आकड्याशी जुळलं तर आकडा बहुधा खरा.

विकणारा कराडच्या बाजूचा पोरगा होता, परदेशी शिकायला निघालेला. चांगल्या घरातला, बोलायला गोड. म्हणाला, "एकदम टकाटक आहे, मामा. काही करायचं नाही. पेट्रोल टाकायचं आणि लेह गाठायचं." मी पुढचं चाक अधांतरी उचलून घेतलं आणि हँडल दोन बोटांनी हळूहळू फिरवलं. बरोबर मधोमध ते जरासं अडकायचं, खाचेत बसल्यासारखं. म्हणजे कोनसेट गेलेला. मग विचारलं, "कुठं पडली होती का?" म्हणाला, "हो, कोयनेच्या बॅकवॉटरला चिखलात एकदा. हँडल जरा वाकडं झालेलं, सरळ करून घेतलं." विचारलं तेव्हा सांगितलं. न विचारता सांगितलं नव्हतं.

आता ह्या पोराला लबाड म्हणायचं का? भाचा परत येताना तेच म्हणत होता. मला तसं वाटलं नाही. तो त्या गाडीवरून कॉलेजला गेला, महाबळेश्वरला गेला, कासला गेला. त्याच्या रस्त्यापुरती ती टकाटकच होती. लेहचा रस्ता त्यानं बघितलेला नव्हता, त्यामुळं त्या रस्त्याबद्दल त्यानं दिलेला शब्द हा त्याच्याजवळ नसलेल्या मालाचा सौदा होता. ‘पक्की’ हा शब्द एकटा उभाच राहू शकत नाही. कशासाठी पक्की, किती वजनासाठी, कुठवर, हे बरोबर नसेल तर तो नुसता आवाज.

आमच्या आबांची बैल विकायची पद्धत मला आठवते. दावणीतला बैल बाजारात नेला तर ते ‘बैल चांगला आहे’ असं कधी म्हणायचे नाहीत. म्हणायचे, परवा पाऊण एकर नांगरलाय. गाडीला चालतो. उजव्या अंगाला जुंपला तर बोलायला नको, डाव्या अंगाला जुंपला तर पहिलं तासभर अडतो. एवढं सांगून गप्प बसायचे आणि तंबाखू मळायला घ्यायचे. बैलाची खोड न सांगता विकणं त्या पिढीत फार हलकं समजलं जायचं, निदान बोलण्यात तरी. करणारे तेव्हाही करतच होते. आबांच्या बैलाला कधीकधी दोन बाजार गिऱ्हाईक मिळायचं नाही आणि आजी घरी त्यांना फाडून खायची, हेही सांगितलं पाहिजे.

सौदा ७६ हजारांना झाला. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, कर्जाचा बोजा उतरल्याचा कागद, चॅसीवरचा नंबर आरसीशी ताडून बघणं, हे सगळं भाच्यानं नीट केलं. नोंदीतलं नाव बदलेपर्यंत अपघाताच्या भरपाईला जुना मालकच बांधील राहतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली सांगितलेलं आहे. म्हणजे घाई खरं तर विकणाऱ्याला असायला पाहिजे. पण असते ती घेणाऱ्याला.

मग उन्हाळाभर रविवारी आम्ही मामा-भाचे विहिरीवरच्या पत्र्याच्या शेडात. बाजरीची पेरणी झाली की निघायचं नाही, ऑगस्ट सरताना निघायचं आणि बाजरी काढायच्या आत परत यायचं, ही बहिणीची अट.

कोनसेट बदलला. पुढच्या दांड्या काढून काचेवर लोळवून बघितल्या, सरळ होत्या. मागच्या आर्मची बुश काढली तर आत ग्रीसचा पत्ता नव्हता, नुसता तांबडा गंज. चाकांची बेरिंगं घातली, ब्रेकचं तेल बदललं. हे तेल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि दोन वर्षांनी बदलावं लागतं, पण गाडी चालतेय म्हणून ते कुणी बदलत नाही. घाट उतरताना ब्रेक तापला की त्या पाण्याची वाफ होते आणि पायपट्टी भस्सदिशी खाली जाते. सपाटीवर ही खोड कधी कळणारच नाही.

चेनचं मला विशेष सांगायचंय. चेन किती ढिली ठेवायची ते कंपनीच्या पुस्तकात असतं आणि बहुतेक मिस्त्री ती गाडी मोकळी उभी करून बघतात. पण ह्या गाडीचा मागचा शॉकअप लांब दबणारा. सामान लादलं, माणूस बसला, खड्ड्यात गेली की पुढचं स्पॉकेट, आर्मचा खिळा आणि मागचा एक्सल एका रेषेत येतात, आणि त्या क्षणी चेन सगळ्यात जास्त ताणलेली असते. रिकाम्या गाडीवर छान दिसणारी चेन लादल्यावर सतारीच्या तारेसारखी होते आणि गिअरबॉक्सच्या बेरिंगवर जोर येतो. म्हणून आम्ही मागं बाजरीचं अर्धं पोतं बांधलं, भाच्याला वर बसवलं, मी मागून भार देऊन तिन्ही एका रेषेत आणली आणि तिथं चेनला थोडी सैल जागा ठेवली. मोकळी उभी असताना ती आता जरा लोंबते. वाटेत कुणी शहाणा ‘चेन ढिली आहे’ म्हणून ताणू लागला तर ताणू द्यायची नाही, हे भाच्याला दहा वेळा बजावलं.

आरे पान्यानं वाजवून बघितले. घट्ट आरा टणटण वाजतो, ढिला बदबद. आणि इंजिनाचं तेल काढलं ते जुन्या धोतराच्या फडक्यातून गाळलं. कणी दिसते का, चमक दिसते का, उन्हात धरून बघितलं. फडकं काळं झालं, पण चमकलं नाही. सायलेन्सरमधून निळा धूर नव्हता. टॅपेट मापात करून घेतले. इंजिन मात्र खोललं नाही. नीट चालणारं इंजिन नुसतं शंकेपायी खोलणं म्हणजे धडधाकट माणसाचं पोट फाडून आतडी मोजण्यासारखं. क्लचच्या प्लेटाही बघितल्या नाहीत. क्लच सुटत होता, धरत होता.

आमच्या गावात पूर्वी एक कीर्तनकार बुवा यायचे, त्यांच्या तोंडून न्यायशास्त्रातली चार प्रमाणं मी ऐकलेली. प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. आरा वाजवला हे प्रत्यक्ष. फडक्यावर चमक नाही म्हणून आतली बेरिंगं बरी असावीत हे अनुमान. चौथं प्रमाण शब्द, म्हणजे आप्त माणसाचं सांगणं. तिथं आप्त कोण? ज्याला ती गोष्ट स्वतःला ठाऊक आहे आणि जशी ठाऊक आहे तशीच जो सांगतो, तो. मराठीत येता येता हा आप्त सोयऱ्याधायऱ्यांवर येऊन बसला. बहिणीला मी मराठीतला आप्त होतो आणि तिनं मला न्यायशास्त्रातला धरलं होतं. नात्यानं ज्ञान येत नाही. उलट नात्यामुळं ‘जशी ठाऊक तशी’ सांगणं जास्तच अवघड होतं, कारण समोरच्याचा चेहरा आपल्याला ओळखीचा असतो आणि तो पडलेला बघवत नाही.

दहिवडीच्या मिस्त्रींशी, ज्यांच्याकडून आम्ही बेरिंगं बसवून घेतली, माझा यावर वाद झाला. ते मला म्हणाले, "तुमी उगा किस काढताय. गिऱ्हाइकाला पक्कीच सांगायची. निम्मी गाडी पान्यानं दुरुस्त हुती आन निम्मी शब्दानं. भ्यालेला माणूस नको तितं ब्रेक दाबतो आन पडतो." हे मला खोडून काढता आलं नाही. भीतीनं माणूस पडतो हे खरंच आहे. गाडीवर भरवसा नसलेला माणूस रात्री झोपत नाही, आणि न झोपलेला माणूस सगळ्यात धोक्याचा. पण त्यांचं म्हणणं मान्य केलं तर शब्द हे औषध झालं, माहिती राहिली नाही. औषध द्यायचं तर कडू-गोड काहीही देता येतं. पुढच्या वेळी मला खरंच काही सांगायचं असेल तेव्हा समोरचा ते कसं ओळखणार?

मी सुचवलं की शब्द देण्यापेक्षा पोराच्या हातात काम देऊ. जुलैत भाच्यानं मागचं चाक स्वतः काढून, टायर पायानं दाबून, ट्यूब बदलून परत बसवायचं, असा नेम ठेवला. ह्या चाकांना ट्यूब असते, म्हणून पंक्चर म्हणजे अर्ध्या तासाचं काम तरी धरायचंच. पहिल्यांदा त्याला दीड तास लागला आणि नवी ट्यूब पान्यानं चिमटून फाटली. चौथ्यांदा पस्तीस मिनिटं. बहीण शेंगा फोडत तिथंच बसलेली असायची, मोबाईलवर वेळ लावून. बरोबर ट्यूब घ्यायची ती पुढच्या चाकाची, एकवीस इंची. अडीनडीला ती मागच्यातही घालता येते, मागची पुढं घालता येत नाही. क्लचची जास्तीची केबल चालू केबलच्या शेजारूनच ओढून बांधून ठेवली. थंडीत, अंधारात, बोटं बधिर झालेली असताना दोन टोकं बदलली की काम भागतं.

पेट्रोलचा हिशेब त्यानं वहीत मांडला. मनाली-लेह रस्त्यावर टांडीच्या पंपावरची पाटी गाडीवाल्यांत प्रसिद्ध आहे, पुढचा पंप ३६५ किलोमीटरवर. टाकी तेरा लिटरची. लादलेल्या गाडीचं चढाला लिटरला तीस धरलं तर ३९० होतात. पंचवीस किलोमीटरवर जीव टांगायचा नाही, म्हणून पाच लिटरचा कॅन. तांगलांग ला ५,३२८ मीटर उंच, तिथं हवेचा दाब आपल्या निम्म्याच्या आसपास येतो. इंजेक्शनवालं इंजिन पेट्रोल त्या मापात कमी करतं, पण जोरही त्याच मापात उतरतो. त्याला पाना चालत नाही. माणसाच्या छातीलाही चालत नाही. तिथं एक-दोन मुक्काम जास्त करायचे एवढंच करता येतं.

सामानाच्या दोन पिशव्या भरून झाल्यावर मी त्या धान्याच्या काट्यावर टाकायला लावल्या. एकतीस किलो. एकेक वस्तू बाहेर काढून विचारलं, ही कशाला? जास्तीचं ब्रेक पॅड, जास्तीची चेन, दुसरा टायर, तीन जोड बूट, कुणीतरी दिलेली कुऱ्हाड. प्रत्येक वस्तूमागं एक भीती होती, आणि बऱ्याचशा भीती त्याच्या स्वतःच्या नव्हत्याच, कुणाकुणाच्या गोष्टी ऐकून लागलेल्या. नवी चेन आत्ताच घातलीय, मग दुसरी कशाला? वजनानं मागचा सांगाडा चिरतो, ते वजनच मग आजार होतं. शेवटी काटा एकोणीसवर आणला. जे काढलं त्याच्या जागी काय, असं त्यानं विचारलं. वाटेत माणसं राहतात, असं मी म्हटलं. तो फारसा खूश झाला नाही.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मी बहिणीला वही दाखवली. एका बाजूला बघितलेलं आणि बदललेलं, दुसऱ्या बाजूला ‘न उघडलेलं’. इंजिनाचं पोट, क्लचच्या प्लेटा, वायरिंगचा आतला भाग, आणि पडली तेव्हा सांगाड्याला बारीक चीर गेली असेल तर ती. रंगावरून दिसत नव्हती, एवढंच. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली, "म्हंजे उद्या काय झालं तर तू म्हणणार, मी लिवलंच हुतं."

मी म्हटलं, "तसं न्हाई."

"तसंच हाय. डाक्टर आपरेशनच्या आदी सही घेत्यात तसं. मला क्लचातलं काय कळतंय? मी तुला इचारलं, कारण मला कळत न्हाई. तू सगळं परत माज्याच पदरात टाकलंस."

हे मला लागलं, कारण त्यात तथ्य होतं. मी आबांचा कित्ता गिरवत होतो, पण आबांच्या समोर बैल जाणणारी माणसं उभी असायची. त्यांना खोड सांगितली की ती तोलता यायची. जिला तोलता येत नाही तिच्यापुढं सगळी खोड ओतणं हा प्रामाणिकपणा की जबाबदारीतून अंग काढणं? दवाखान्यातला कागद आणि माझी वही, दोन्ही दिसायला सारखेच. फरक असलाच तर तो कागद कशासाठी लिहिला यात आहे, आणि ते कागदावर दिसत नाही. मिस्त्री निदान भार स्वतःच्या डोक्यावर घेत होते. खोटं बोलून का होईना.

त्या आठवड्यात मी एक केलं. पोरानं भरलेलं सगळं सामान तसंच बांधून, दोन दिवस मी स्वतः गाडी घेऊन गेलो. शिखर शिंगणापूरचा घाट दोनदा, मग माण नदीच्या वाळूतून, फलटणकडच्या उखडलेल्या रस्त्यानं, पावसात. चाळिशीच्या वर जाऊ नये असं माझं वय आहे, तिथं सत्तरनं गेलो. घरी येऊन एकेक नट परत बघितला. पाठ आठवडाभर धरली होती.

बहीण हे बघत होती. काय बोलली नाही. पोळ्या लाटताना एकदम विचारलं, "ह्या गाडीवर माज्या पोराला मागं बसवून तू सोता न्हेशील का?"

"न्हेईन," मी म्हटलं.

"मग जाऊं दे त्याला."

मी तेव्हाही सांगायचा प्रयत्न केला की हे त्या प्रश्नाचं उत्तर नव्हे. मी नेईन यानं सांगाड्यातली चीर, असलीच तर, बुजत नाही. माझी जिवाची तयारी हा गाडीचा गुण नव्हे. तिनं तवा उतरवला आणि म्हणाली, "गाडीचं मी इचारलंच न्हाई आता." तिनं प्रश्न बदलला होता. यंत्र जोखता येत नव्हतं म्हणून तिनं माणूस जोखला, आणि ते तिला माझ्यापेक्षा चांगलं येतं. हा न्याय बरोबर का, हे मला अजून सांगता येत नाही. घाटातल्या एस.टी.त बसताना आपण सगळे हेच करतो. ब्रेकचं पाणी कुणी बघत नाही, ड्रायव्हरचं तोंड बघतो. पण ड्रायव्हर मनापासून धाडसी आणि गाडी फुटकी, असंही असतं.

पोरगा सतरा दिवसांनी परत आला. अटल बोगद्यातून गेला, बारालाचा ओलांडला, तांगलांगला डोकं धरून बसला, उतरल्यावर बरा झाला. जुनं म्हणून आम्ही ज्याला ज्याला भ्यालो होतो त्यातलं काही मोडलं नाही. मोडला तो सामानाच्या स्टँडचा एक नवाकोरा बोल्ट, मोरे प्लेन्सच्या फुफाट्यात. एका पंजाबी ट्रकवाल्यानं बाइंडिंगची तार गुंडाळून दिली आणि चहाही पाजला. ती तार अजून तशीच आहे. बाजरी काढायला तो वेळेवर होता. बहिणीनं मला काही म्हटलं नाही, मीही तिला म्हटलं नाही. सुखरूप आला यावरून मी खरं बोललो होतो असं ठरत नाही, हे आधी लिहिलंच आहे.

गेल्या वर्षी विहिरीचा गाळ काढायला पैसे लागले तेव्हा भाच्यानं गाडी विकायला काढली. आटपाडीकडचा एक गिऱ्हाईक आला. गाडी फिरवून बघितली, आवडली, ७० हजारांवर बोलणं आलं. तेवढ्यात भाच्यानं आतून वही आणून त्याच्या हातात दिली, ‘न उघडलेलं’ हे पान उघडून. त्या माणसानं ते दोनदा वाचलं. मग माझ्याकडं बघून म्हणाला, "मामा, एवढं लिवलंय म्हंजे गाडीत काय तरी घोळ हाय. नायतर कोण लिवतंय?" चहा पिऊन गेला तो गेलाच. नंतर ऐकलं की त्यानं तसलीच दुसरी गाडी घेतली, दोन हजार जास्त देऊन, टकाटक म्हणून सांगितलेली.

भाचा दोन दिवस माझ्याशी नीट बोलत नव्हता. मग म्हणाला, "तुमच्या वहीनं गाडी घालवली, मामा." मी म्हटलं, वही तुझी, गाडी तुझी, पान फाडायचं असलं तर फाड. बहीण चुलीपाशी ऐकत होती, पण यात ती पडली नाही.

त्याला महिना झाला. गाळाचे पैसे सोसायटीतून काढले, व्याज चालू आहे. गाडी शेडात मोटारीच्या शेजारी उभी आहे, दर रविवारी तो ती सुरू करून बंद करतो. पान अजून फाडलेलं नाही.